लियांग-झूच्या गोष्टीवरचे सिनेमे: १९९४ चा बघून झाला, आता पुढे कुठला बघू?

निशिगंध:

मंडळी, हाँगकाँगचा दिग्दर्शक त्सुई हार्कचा १९९४ चा 'द लव्हर्स' नुकताच बघितला आणि डोक्यातून जातच नाहीये. चार्ली यंग आणि निकी वू आहेत त्यात. पहिला अर्धा सिनेमा मी आपली मजेत हसत होते, मुलाच्या वेषात शाळेत आलेली मुलगी, गुपित सांभाळताना तिची उडणारी तारांबळ, आणि मग सिनेमाने वळण कधी घेतलं ते कळलंच नाही, शेवटी ती थडग्यापाशी येते तिथे तर माझी पार वाट लागली.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ पूर्व जिन घराण्याचा, म्हणजे चौथं शतक. झू यिंगताई ही श्रीमंत घरातली मुलगी, तिला शिकायचंय पण मुलींना शाळा नाही, म्हणून ती मुलाचे कपडे घालून हांगझोऊला शिकायला जाते. तिथे लियांग शानबो भेटतो, दोघं शपथ घेऊन भाऊ-भाऊ होतात, तीन वर्षं एकत्र शिकतात आणि या पठ्ठ्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपला मित्र मुलगी आहे. तिला घरून बोलावणं येतं, ती जाताना आडून आडून सगळं सांगते, याला कळत नाही. कळतं तेव्हा तिचं लग्न मा घराण्यातल्या मुलाशी ठरलेलं असतं. तो झुरून मरतो, तिची वरात त्याच्या थडग्यावरून जाते, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते आणि दोन फुलपाखरं बाहेर येतात. चीनमध्ये ज्या चार मोठ्या लोककथा मानतात त्यातली ही एक, बाकीच्या तीन म्हणजे पांढरी नागीण, मेंग ज्यांग आणि गुराखी-विणकरीण.

तर आता मला याचे बाकीचे सिनेमे बघायचेत. शोधलं तर यादी संपतच नाही, १९५४ चा एक आहे, १९६३ चा हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा आहे ज्याला सगळे डोक्यावर घेतात, २००८ चा तलवारबाजीवाला आहे, मालिका तर वेगळ्याच. १९६३ च्या बाबतीत मला एक शंका आहे, त्यात म्हणे हिरोचं काम बाईने केलंय आणि जवळजवळ सगळा सिनेमा गाण्यातच आहे. १९९४ चा इतका जवळचा वाटल्यावर ते सगळं कृत्रिम नाही का वाटणार? ज्यांनी दोन्ही बघितलेत त्यांनी प्लीज सांगा. आणि नुसतं "बघच" असं नको, का बघू ते सांगा.

---

जुना_पडदा:

निशिगंध, तुम्ही बरोबर धाग्याला हात घातलात, बसा निवांत, मोठं लिहितोय.

१९६३ चा सिनेमा म्हणजे ली हान-शियांगचा 'द लव्ह इटर्न'. लियांग शानबो झालीये आयव्ही लिंग पो आणि यिंगताई झालीये बेटी लो ती. हा ह्वांगमेई प्रकारचा सिनेमा, म्हणजे ह्वांगमेई या चिनी लोकऑपेराच्या चालींवर बेतलेली गाणी, पण रंगमंचावरच्या ऑपेराइतकं कडक व्याकरण नाही, सोप्या चाली, मँडरिनमधले शब्द, आणि सगळं शॉच्या स्टुडिओत उभारलेल्या सेटवर. डोंगर रंगवलेले, ओढा बांधलेला, फुलं कागदाची. पहिली दहा मिनिटं तुम्हाला हे सगळं खोटं दिसणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पण मग गाणं तुमचा ताबा घेतं, आणि त्या खोट्या डोंगरातूनच त्या दोघांचं सगळं खरं वाटायला लागतं, कारण सिनेमा कधी म्हणतच नाही की हा खरा डोंगर आहे.

आता बाईने केलेला हिरो. आपल्याकडे बालगंधर्वांची भामिनी किंवा सिंधू बघताना प्रेक्षकांनी काय बघितलं असेल तसंच उलट्या बाजूने. त्यांना माहीत होतं की हा पुरुष आहे आणि तरी ते लुगडं नेसायची पद्धत त्यांच्याकडून उचलत होते. लिंग पोचं तसंच झालं. ती त्याआधी अमॉय भाषेतल्या सिनेमांत शाओज्वान या नावाने काम करायची, मग शॉमध्ये दुसऱ्यांसाठी पडद्यामागून गायची, आणि या सिनेमाने एकदम तिला शिखरावर नेऊन बसवलं. तैवानमध्ये तर वेड लागलं होतं लोकांना. ती तैपेईला आली तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते, बायका तिच्यावर सोन्याचे दागिने फेकत होत्या असं सांगतात, एकाच सिनेमाला पुन्हा पुन्हा जाणारे प्रेक्षक होते. १९६३ च्या गोल्डन हॉर्समध्ये, म्हणजे तैवानच्या सिनेमा पुरस्कारांत, बेटी लो तीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री मिळालं आणि लिंग पोसाठी वेगळं खास बक्षीस काढावं लागलं.

पण तुम्ही विचारलंत का बघू, तर माझं उत्तर एकच आहे, निरोपाच्या वाटेसाठी. अठरा लींचा निरोप म्हणतात त्याला, ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. १९९४ च्या सिनेमाने तुम्हाला शेवटाकडे ओढलं, थडगं, वादळ, रक्त. जुन्या ऑपेरात आणि ऑपेरावरून आलेल्या सिनेमांत मात्र गोष्टीचा प्राण त्या चालण्यात आहे. ती घरी निघालीये, तो तिला पोचवायला निघालाय, आणि वाटेत जे जे दिसेल त्यातून ती त्याला सांगायचा प्रयत्न करते. तळ्यात हंसांची जोडी दिसते, ती म्हणते नर पुढे पोहतोय आणि मादी मागून दादा दादा हाक मारतेय. तो चिडतो, मी काय हंस आहे का. विहीर लागते, ती त्याला घेऊन आत डोकावते, म्हणते बघ पाण्यात दोन सावल्या, एक पुरुष एक बाई. तो म्हणतो, मी एवढा धडधडीत पुरुष असताना मला बाई काय म्हणतोस. त्याच्या डोक्यात हेही येत नाही की दोघांमधली बाई ती असू शकते! पुढे क्वानयिन देवीचं देऊळ लागतं, ती त्याचा हात धरून म्हणते चल, देवीला साक्ष ठेवून नमस्कार करू, नवरा-नवरीसारखा. तर हा म्हणतो, दोन पुरुषांचं लग्न कधी कुणी ऐकलंय का. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी गुराखी म्हशीवर बसलेला दिसतो, चीनमध्ये गाढवापुढे गीता नाही तर बैलापुढे वीणा म्हणतात, आणि ती सरळ गाऊन टाकते की लियांगदादा, तू बैलासारखा मठ्ठ आहेस.

हसू येतं ना? येणारच, प्रेक्षकही हसायचे. पण हसता हसता पोटात कालवतं, कारण तुम्हाला ठाऊक असतं की याच्याकडे एवढाच वेळ आहे, हा रस्ता संपला की संपलं. मरणाच्या दृश्यापेक्षा मला हा रस्ता जास्त जड जातो. बेटी लो ती प्रत्येक वेळी नवीन उमेदीने वळून बघते आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा थोडा उतरत जातो, ते नीट बघा, गाणं तिचं नाही बरं का, ते छिंग तिंगने गायलंय, पण चेहरा तिचा आहे.

---

ओवी:

जुना_पडदा, निरोपाच्या वाटेबद्दल एकदम मान्य, पण त्सुई हार्कला तुम्ही "थडगं, वादळ, रक्त" एवढ्यात उडवून लावलंत ते काही पटलं नाही. मी दोन्ही बघितलेत, आणि मला तरी १९९४ चा जास्त धाडसी वाटतो.

जुन्या गोष्टीत आई-वडील म्हणजे फक्त अडसर असतात. बाप हट्टी, आई रडकी, संपलं. त्सुई हार्कने आईला माणूस केलं. ती स्वतः तरुणपणी मुलाच्या वेषात शिकायला गेली होती, तिचंही कुणावर तरी मन जडलं होतं, आणि तिने ते गिळून संसार केला. म्हणजे तीच मुलीला त्या वाटेवर पाठवते आणि तीच पुढे मुलीची वाट अडवते. कॅरी एनजीने ते काम इतकं आवरून केलंय की ती कुठे ओरडत नाही आणि तरी तिच्या चेहऱ्यावरून कळतं की मुलीच्या जागी ती स्वतःलाच बघतेय. हे १९६३ मध्ये कुठे आहे?

दुसरं म्हणजे शानबो. ऑपेरातला शानबो बिचारा इतका भोळा आहे की कधी कधी राग येतो. १९९४ मध्ये त्याला आपल्या मित्राबद्दल काहीतरी वाटायला लागतं आणि ते काय आहे ते त्याला कळत नाही, तो घाबरतो, लपवतो. मुलगी आहे हे कळायच्या आधीच तो प्रेमात पडलाय, त्यामुळे ते कळल्यावर त्याचा जो आनंद आहे त्यात सुटकाही आहे. हे मला फार खरं वाटलं. आणि तिसरं, उमरावांचा तो सगळा भपका, पुरुषसुद्धा तोंडाला पावडर फासतायत, मुलीचं लग्न म्हणजे बापाच्या बढतीचा सौदा. जिन काळात मोठी घराणी आणि बाकीचे यांच्यातली दरी खरोखरच तेवढी होती, गरीब शानबोला मुळात कुणी दारात उभंच करणार नाही हे सिनेमा नीट दाखवतो. ऑपेरात तो फक्त उशिरा पोचतो म्हणून सगळं बिघडतं, इथे वेळेवर पोचला असता तरी काही झालं नसतं.

निशिगंध, तुम्ही १९६३ चा बघाच, पण त्याच्यासमोर आपल्याला आवडलेला कमी आहे असं अजिबात समजू नका.

---

स्वरवेल:

दोघांचंही वाचलं, छान लिहिलंय, पण १९५४ ला कुणी हातच लावला नाही म्हणून लिहिते.

तो शांघायच्या स्टुडिओत बनलेला युए ऑपेराचा सिनेमा, दिग्दर्शक सांग हू आणि ह्वांग शा. यिंगताई युआन श्वेफेन, शानबो फान रुईज्वान. म्हणजे इथेही हिरो बाईच, पण कारण वेगळं. युए ऑपेरा झेजियांगच्या खेड्यांत सुरू झाला तेव्हा पुरुषच करायचे, पण १९३०-४० च्या शांघायमध्ये बायकांच्या मंडळ्यांनी तो पूर्णपणे आपला केला. कामगार बायका, श्रीमंत घरातल्या बायका, सगळ्या त्यांच्या चाहत्या. त्यामुळे फान रुईज्वान शानबो करते तेव्हा ती पुरुषाची नक्कल करत नाहीये, बायकांनी बायकांसाठी तयार केलेला एक पुरुष ती उभा करते, हळवा, अदबशीर, ऐकून घेणारा. निशिगंधच्या शंकेचं मला वाटतं खरं उत्तर इथे आहे. १९६३ च्या लिंग पोची वाटही याच बायकांनी मोकळी करून ठेवली होती.

हा नव्या, म्हणजे १९४९ नंतरच्या चीनमधला पहिला रंगीत सिनेमा म्हणून ओळखला जातो. आणि याची एक गोष्ट मला फार आवडते. १९५४ ला जिनिव्हात कोरिया आणि इंडोचायनावर परिषद चालू होती, चीनचं शिष्टमंडळ घेऊन पंतप्रधान चौ एन-लाय आले होते आणि परदेशी पत्रकारांना हा सिनेमा दाखवायचा होता. आता ऑपेरा, तोही चिनी, तोही दोन तास, कुणाला काय कळणार? एका अधिकाऱ्याने गोष्ट समजावणारी लांबलचक पुस्तिका तयार केली. चौ एन-लाय म्हणाले एवढं कोण वाचणार, आमंत्रणावर एकच ओळ घाला की ही चीनची 'रोमिओ अँड ज्युलिएट' आहे. आणि लोक शेवटपर्यंत बसले, थडगं उघडतं तिथे हॉलमध्ये शांतता पसरली होती म्हणतात. चार्ली चॅप्लिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्येच राहायचे, त्यांनाही तो दाखवला गेला.

माझ्या मते ती ओळ पत्रकारांसाठी ठीक होती पण गोष्टीवर थोडा अन्याय करणारी आहे. रोमिओ-ज्युलिएट पहिल्या नजरेत प्रेमात पडतात. इथे तीन वर्षं शेजारी बसून पुस्तकं वाचलीयत, एकमेकांच्या आजारपणात जागरणं केलीयत, म्हणजे आधी मैत्री, आधी एकमेकांच्या बुद्धीचा आदर, आणि मग बाकी सगळं. चौथ्या शतकातल्या मुलीच्या गोष्टीत ही केवढी मोठी गोष्ट आहे, तिला आधी शिकायचं होतं, नवरा शोधायला ती गेलीच नव्हती.

या सिनेमातला माझा आवडता तुकडा कानाचा. शानबोच्या लक्षात येतं की यिंगताईच्या कानाला भोक आहे. तो विचारतो, तू पुरुष आहेस तर हे कसं काय. ती पटकन सांगते, आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मीच क्वानयिन देवी व्हायचो, म्हणून टोचलेत, आणि वर त्यालाच झापते की अभ्यासात लक्ष दे, बायकांचे विचार कसले करतोस. तर तो ओशाळून म्हणतो, आजपासून मी क्वानयिनकडे बघायला धजणार नाही. बस, एवढंच. तो नुसता लाजून म्हणून जातो, पण ऐकणाऱ्याला कळतं की याच्या मनात काहीतरी हललंय आणि ते त्यालाच माहीत नाही. ओवी, तुम्ही म्हणता तसं मित्राबद्दल काहीतरी वाटणं हे १९९४ ला आलं असं नाही, ऑपेरात ते एका ओळीत आधीपासून आहे, त्सुई हार्कने ते उघड केलं.

आणि संगीताबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १९५९ ला शांघाय कॉन्झर्व्हेटरीतल्या हे झानहाओ आणि चेन गांग या दोन विद्यार्थ्यांनी याच युए ऑपेराच्या चाली घेऊन व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला, पहिल्यांदा वाजवला तो तिथलीच विद्यार्थिनी यू लीना हिने. सुरुवातीला बासरी, मग व्हायोलिन म्हणजे यिंगताई आणि चेलो म्हणजे शानबो. व्हायोलिनवर मिंड अशी घेतलीये की एर्हू, म्हणजे चिनी दोन तारांचं वाद्य, ऐकतोय असं वाटतं. आज लियांग-झू म्हटलं की बहुतेकांना आधी ही धून आठवते, १९९४ च्या सिनेमातही ती आहे, तुम्ही ऐकलीच असेल निशिगंध, फक्त कुठून आली ते माहीत नसेल.

---

निशिगंध:

अरे देवा, किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी!! स्वरवेल, ती धून मी सिनेमा संपल्यापासून गुणगुणतेय, आज पूर्ण कॉन्चेर्टो ऐकते. कानाचा प्रसंग तर वाचूनच आवडला.

ओवी, आईबद्दल तुमचं अगदी पटलं, मला वाटलं होतं मी एकटीच त्या आईत अडकलेय.

जुना_पडदा, १९६३ नक्की बघते, पण मग आता २००८ चा आणि मालिका यांचं काय? वेळ घालवू की नको? आणि १९६३ ची प्रिंट बरी मिळते का, की सगळे रंग उडालेले?

---

वाटसरू:

२००८ चा मी बघितलाय म्हणून सांगतो. जिंगल माचा सिनेमा, चार्लीन चोई, वू चुन आणि हू ग. नावंही बदललीयत, यिंगताईची यानझी झालीये, आणि ती पुस्तकं शिकायला जात नाही तर डोंगरावरच्या एका पंथात तलवार शिकायला जाते. दिसायला देखणा आहे, बर्फ, पांढरे कपडे, उडत्या मारामाऱ्या. पण गोष्टीतला कणा काढून टाकल्यासारखं वाटलं मला. यिंगताईची सगळी ताकद तिच्या शिकायच्या हट्टात आहे, तिच्या हातात तलवार दिली की ती इतर पन्नास सिनेमांतल्या मुलींसारखी होते. शिवाय जिला मारामारी येते ती लग्नाच्या वरातीत मुकाट का बसली हा प्रश्न सारखा पडत राहतो. जुन्या गोष्टीत तिच्याकडे कुठलंच हत्यार नाही, फक्त एक अट घालते की वरात त्याच्या थडग्यावरून न्या, आणि तेवढ्यावर सगळं उलटतं. तुम्हाला हू ग आवडत असेल तर बघा, तो मा घराण्यातल्या मुलाच्या जागी आहे आणि त्याला नुसता खलनायक केलेलं नाही, ते एक चांगलंय.

मालिका: २००७ ची आहे, पीटर हो आणि दोंग ज्ये. लांब आहे. शाळेतले दिवस तुम्हाला भरपूर हवे असतील, वर्गातली भांडणं, मास्तर, मित्र, तर ती बघायला मजा येते, कारण सिनेमात तीन वर्षं दोन गाण्यांत उरकतात. पण तिथे मधे मधे पाणी घातलंय खूप, नमनालाच घडाभर तेल.

एक सुचवू का, विषय थोडा बाजूला जाईल. बाईने हिरो करायचा हा प्रकार तुम्हाला आवडेल की नाही अशी शंका असेल तर पांढऱ्या नागिणीची १९९२ ची तैवानची मालिका आहे, तिच्यात अँजी चिऊ नागीण आहे आणि तिचा नवरा शू श्यान झालाय सेसिलिया यिप, म्हणजे बाईच. १९९२ मध्ये, टीव्हीवर, आणि ती मालिका चीनभर प्रचंड गाजली. कुणी म्हटलं नाही की हे कृत्रिम आहे. आणि त्याच गोष्टीवर त्सुई हार्कचा १९९३ चा 'ग्रीन स्नेक' आहे, मॅगी चंग आणि जोई वाँगचा, म्हणजे 'द लव्हर्स'च्या बरोबर एक वर्ष आधीचा. तो माणूस त्या दोन वर्षांत जुन्या लोककथा उलट्या करून बघत होता हे दोन्ही लागोपाठ बघितल्यावर जाणवतं.

---

जुना_पडदा:

वाटसरू, 'ग्रीन स्नेक'ची आठवण काढलीत ते फार छान केलंत.

ओवी, तुमचं आईबद्दलचं म्हणणं मान्य, ती सिनेमातली सगळ्यात मोठी भर आहे, आणि दरीबद्दलचंही. पण "शानबो भोळा म्हणून राग येतो" याच्यावर मी थोडा अडून बसणार. त्याचा भोळेपणा म्हणजे मूर्खपणा नाही. त्याने मित्राला भाऊ मानलंय आणि भावाकडे तसं बघायचं नसतं, म्हणून जे दिसतंय ते तो बघतच नाही. लिंग पो ते कसं करते बघा, विहिरीपाशी ती खरंच चिडते, त्यात अपमान झाल्याचा भाव आहे. आणि म्हणूनच पुढे तिच्या घरी वरच्या मजल्यावर दोघं भेटतात त्या दृश्यात तो तिला पहिल्यांदा बाईच्या कपड्यात बघतो तेव्हा त्याचं अख्खं आयुष्य मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं त्याला. हंस, विहीर, देऊळ, सगळं एकदम कळतं. आणि ते कळण्याचा आनंद पुरता चेहऱ्यावर यायच्या आत ती सांगते की लग्न ठरलंय. या दोन गोष्टींमध्ये जेमतेम काही क्षण आहेत. पाच मिनिटांत इतकं चढणं आणि इतकं कोसळणं मी फार थोड्या नटांना जमलेलं बघितलंय.

आणि लग्नाच्या दिवशीचे कपडे बघायला विसरू नका, लाल नवरीच्या पोशाखाखाली तिने सुतकाचा पांढरा घातलेला असतो. थडग्यापाशी लाल उतरतो. रंगीत फिल्म त्या काळी किती जपून वापरायचे आणि इथे सगळा हिशेब एका रंग बदलण्यावर लावलाय.

निशिगंध, प्रिंटची काळजी नको. शॉचा जुना संग्रह सेलेस्टियल पिक्चर्सने घेऊन साफसूफ केला, त्यात हा पण आहे, रंग चांगले ठसठशीत दिसतात. सबटायटल्स मात्र गाण्याच्या वेळी पण असलेली घ्या, काही प्रतींमध्ये फक्त बोलण्याला असतात आणि मग अर्धा सिनेमा हातातून जातो. हे आधी तपासा.

अजून एक, हा सिनेमा घाईत बनला होता, माहितीये? दुसरा मोठा स्टुडिओ कॅथे पण हीच गोष्ट करत होता, यू मिन यिंगताई आणि ली लीह्वा शानबो, म्हणजे तिथेही हिरो बाईच. त्यांच्या आधी बाजारात आणायचा म्हणून शॉने वेगवेगळ्या तुकड्यांना एकाच वेळी काम वाटलं, दिग्दर्शक किंग हूनेही काही भाग केला. कॅथेचा १९६४ मध्ये मागाहून आला तेव्हा लोक आधीच लिंग पोचे झाले होते. बिचाऱ्या ली लीह्वाचं काम वाईट नाहीये, जमलं तर तोही बघा, पण शेवटी.

दिग्दर्शक अँग ली यांनी लहानपणी तैवानमध्ये हा १९६३ चा बघितला होता आणि आपल्यावर सगळ्यात खोल ठसा उमटवणाऱ्या सिनेमांत ते याचं नाव घेतात. त्यांच्या 'क्राऊचिंग टायगर'मधले ते दोघं, जे आयुष्यभर बोलतच नाहीत, ते बघताना मला नेहमी शानबोच आठवतो.

---

ओवी:

"जे दिसतंय ते तो बघतच नाही" हे पटलं हो, या नजरेने परत बघते. राग मात्र माझा थोडा राहणारच.

निशिगंध, क्रम विचाराल तर माझ्या मते आधी १९६३, मग १९५४, आणि मग परत एकदा १९९४. १९५४ थेट बघू नका, त्यात ऑपेराचे हातवारे, पावलं, बाह्यांची फेक सगळं पूर्ण आहे, १९६३ ने डोळा सरावला की ते सोपं जातं.

---

स्वरवेल:

ओवीच्या क्रमाला माझंही अनुमोदन, फक्त कॉन्चेर्टो १९५४ च्या आधी ऐका. एकच सलग भाग आहे, अर्ध्या तासाच्या आतच संपतो. मधे व्हायोलिन आणि चेलो आळीपाळीने बोलायला लागतात ती वरच्या मजल्यावरची भेट, आणि त्याआधी जे खेळकर, उड्या मारणारं आहे ते शाळेचे दिवस. मग सिनेमात त्याच चाली गळ्यातून ऐकताना ओळखीच्या वाटतील.

आणि ज्यांना प्रत्यक्ष जायची आवड आहे त्यांच्यासाठी, निंगबोला शानबोचं देऊळ आणि थडगं आहे, तिथल्या परंपरेत तो त्या भागाचा अधिकारी होता आणि कामावर असतानाच गेला असं सांगतात, म्हणजे तिथे लोक त्याला नुसतं प्रेमवीर म्हणून नाही तर चांगला अधिकारी म्हणूनही हात जोडतात. हांगझोऊला वानसोंग अकादमी आहे, शाळा हीच असं मानतात. पण ज्यांगसूमधलं यीशिंग आणि शांदोंगमधलं जिनिंग हेही गोष्ट आमचीच म्हणतात, २००६ ला राष्ट्रीय वारशाच्या यादीत नाव गेलं तेव्हा अनेक गावांचं मिळून गेलं. सिनेमावाल्यांनी मात्र बहुतेक सगळ्यांनी हांगझोऊच धरलंय.

---

निशिगंध:

क्रम लिहून ठेवला. सबटायटल्सचं बरं सांगितलंत, मी उघडून ठेवलेल्या प्रतीत गाण्यांना नाहीयेत, दुसरी शोधते. ली लीह्वावाला कॅथेचा कुणाला गाण्यांच्या सबटायटल्ससकट चांगल्या प्रतीत मिळाला असेल तर इथेच सांगा, तो पण बघायचाय मला आता.